आत्याचा गाळलेला अभंग

काल मी लिहिलं होतं, की आजोबांच्या भजनी मंडळाच्या गाजलेल्या कॅसेटमधून आत्याचा अभंग ती तालात चुकली म्हणून गाळला. ते चुकीचं होतं.

आज त्या वेळची न वापरलेली ध्वनिमुद्रणं बाहेर आली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी लगेच लिहिलं, "अय्यो, मृदंगच घसरला की."

मृदंगावर आजोबा होते. मी चार वेळा ऐकलं, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे बोटांवर मात्रा मोजत. आत्या कुठेच चुकत नाही. मग आजोबांचा आवाज येतो, "थांबवा. पोरगी चुकली."

त्यानंतर आत्या कधीच गायली नाही. गोकुलम भागातल्या तिच्या शिवणाच्या दुकानात ब्लाउज शिवताना गुणगुणतसुद्धा नाही.

आजोबा आता नाहीत. तुम्ही तिला हे ऐकवलं असतं का? तिचं दुकान रविवारी बंद असतं. येत्या रविवारी ऐकवणार.