लाल दोऱ्याची पिपेट

सरांनी पिपेटला लाल दोरा बांधला. घट्ट गाठ मारली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली.

"ही तुझी. हीच वापरायची. दुसरीला हात लावायचा नाही. बाकीच्यांना उगाच कसंतरी वाटतं."

पिपेट म्हणजे काचेची लांब नळी. पाण्यात बुडवायची, वरच्या टोकाला तोंड लावून खुणेपर्यंत पाणी ओढायचं, पटकन बोट दाबायचं. सोलापुरातल्या एका खाजगी संस्थेत मी स्वच्छता निरीक्षकाचा कोर्स करत होते. पाण्याच्या तपासण्या शिकायच्या तर पिपेट आलीच, आणि वर्गात ती एका तोंडातून दुसऱ्या तोंडात फिरायची. आदल्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाला उभं करून वडिलांचं काम विचारलं होतं. मी सांगितलं, कुर्डुवाडी स्टेशनात रुळांवरची घाण काढतात. ठेकेदाराकडे. कुणी हसलं नाही. पुढच्या आठवड्यात दोरा आला.

राग आला असं लिहिलं तर खोटं होईल. काहीच आलं नाही. उलट बरंच वाटलं, की आता रांगेत थांबायला नको. इतकी बधिर होते मी. मी आपली नळी धुवायचे, स्टँडच्या बाजूला आडवी ठेवायचे आणि शिकायचे. नळीत पाण्याची कड मधे खाली वाकते. तो खालचा बाक खुणेला टेकला पाहिजे, आणि डोळा त्याच्या रेषेत पाहिजे. मला ते जमायला लागलं. शेजारी लक्ष्मी उभी असायची. भवानी पेठेतली, घरी यंत्रमाग, घरात तेलुगू. ती दोऱ्याकडे बघायची आणि मान वळवायची.

बाबांना सांगितलं नाही. त्यांचं एकच चालायचं. "मुकादमाच्या वरचा सायेब व्हायचं तू. इन्स्पेक्टर. तू सांगशील आन् ते करत्याल." ते सगळं प्रॅक्टिकलच्या मार्कांवर होतं, आणि मार्क सरांच्या हातात.

मग एक दिवस सांडपाणी आलं. नाल्यातून भरून आणलेली बाटली. काळपट. सरांनी झाकण काढलं तशी पोरं मागं सरली.

"हे कुणी तोंडानं ओढू नका. इन्फेक्शन होईल," सर म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तू ओढ. सगळ्यांना दहा-दहा मिली काढून दे. तुझी पिपेट वेगळीच आहे. आणि तुम्हाला सवय असते."

मी पुढं गेले. हो, गेले. पिपेट बुडवली, वाकले, नळी ओठांत धरली. तेव्हा वास आला. ओळखीचा. संध्याकाळी बाबा दारात चपला काढतात तेव्हा येतो तोच. आई आधी बाहेर बादली ठेवते, मग ते आत येतात. तो वास माझ्या ओठांशी आला होता आणि सगळा वर्ग मी ओढायची वाट बघत होता.

मी नळी बाहेर काढली.

"मी ओढणार नाही."

"मग मार्क विसर."

"नका देऊ."

बेसिनवर जाऊन पिपेट साबणानं धुतली. गाठ सुटेना, म्हणून दोरा ब्लेडनं कापला. मग ती नळी स्टँडमधल्या बाकीच्या नळ्यांत घातली. जागा बदलल्या. पुन्हा बदलल्या.

"आता माझी कोणती, सांगा."

सरांनी एक उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. एकाही पोरानं एकाही पिपेटला तोंड लावलं नाही.

लक्ष्मी खाली बघत म्हणाली, "सर, कपाटात रबरी बल्ब हायत की. नळीवर बसवून तोंड न लावता वडायचे."

होते. कोऱ्या पाकिटांत, सील न फोडलेले. दोरा बांधला तेव्हाही ते तिथंच होते. बल्ब बाहेर आले. सरांनी मलाही वर्गाबाहेर काढलं.

संध्याकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला आले. बाबा जेवायला बसले होते. सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"वडलंस?"

"न्हाय."

त्यांनी घास ताटात ठेवला.

"मी वडलं असतं," ते म्हणाले. "सायेबानं सांगितल्यावर वडलं असतं, पोरी."

ते खरं बोलत होते. तेच मला सहन झालं नाही. इतके दिवस न आलेला राग तिथं आला, बाबांच्या ताटासमोर. आई भाकरी वाढायची थांबली.

प्रॅक्टिकलला सरांनी मला नापास केलं. मी पुन्हा बसणार आहे. त्याच प्रयोगशाळेत, त्याच सरांसमोर. बल्ब मागून घेईन. दिला नाही तर मिळेपर्यंत टेबलापासून हलणार नाही. इन्स्पेक्टर मी होणारच. कुर्डुवाडीच्या रुळांवर तपासणीला उभी राहीन, आणि उघड्या हातांनी घाण उचलणारा एक जरी माणूस दिसला, तरी आधी काम थांबवीन. मग त्याला तिथं उतरवणाऱ्याला समोर बोलावीन. त्यानं मला सांगून बघावं, की ह्यांना सवय असते.