कोळ्याचं उष्टं

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. वडील कलकत्त्याजवळ बजबज गावी तेलाच्या डेपोत फिटर होते. कलकत्त्याच्या कॉलेजात घालताना त्यांनी एकच अट घातली होती: प्राणिशास्त्रात नापास झालीस तर सायन्स सोडायचं. आणि आमच्या सरांनी जाहीर केलं होतं की दुर्गापूजेच्या सुट्टीआधीच्या तोंडी परीक्षेत प्रत्येकाने स्वतः निरखलेल्या एका प्राण्याविषयी बोलायचं.

मी स्वयंपाकघरातला कोळी निवडला. लांब, दोऱ्यासारख्या पायांचा. आई नवरात्रासाठी जळमटं काढत होती. खिडकीवरचा तेवढा कोपरा मी मागून घेतला.

दोनच दिवसांत धाकट्या भावाच्या हनुवटीवर फोड उठले. आईने त्यावर गेरू लावला आणि बांबूला बांधलेली केरसुणी उचलली.

"तुझा कोळी मुतला पोराच्या तोंडावर."

"तो असलं काही करत नाही गं आई. त्याचं विष दातांत असतं."

"म्हणजे विषारीही आहे? आणि तू मला तो पाळायला लावलास?"

अखेर भावाचं अंथरूण पलीकडच्या भिंतीला गेलं आणि कोळी राहिला. "पण घट बसायच्या आत जाळं गेलं पाहिजे," आईने बजावलं.

शिकार म्हणजे झडप, असं मला वाटायचं. हा झडप घालतच नसे. जाळ्यात मुंगी अडकली की तो थोडा लांबच थांबे आणि मागच्या पायांनी तिच्यावर धागे टाकत राही. ती पुरती जखडली की मग जवळ जाऊन हलकेच चावे. मुंगीची धडपड थांबेपर्यंत त्याला कसली घाई नसे. पुढचं मी पुस्तकात वाचलं होतं: तो भक्ष्यात पाचकरस सोडतो आणि आतलं पातळ झालं की शोषून घेतो. ती इंग्रजी वाक्यं मला पाठ होती. समजली होती का, हे मला नीटसं सांगता आलं नसतं.

एकदा केर काढताना आईने खिडकीखालून एक मुंगी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "घे, तुझ्या पाहुण्याचं उष्टं. पानावर सगळं तसंच टाकलंय, मेल्याने."

पाय, डोकं, पोट, सगळं जागेवर होतं. पण तळहाताला काही लागतच नव्हतं. मी ती काड्यापेटीत घालून परीक्षेला नेली.

सरांनी इंग्रजीत विचारलं, "कोळी खातो म्हणजे नेमकं काय करतो?" पाठ केलेलं पहिलंच वाक्य मला आठवेना. मी काड्यापेटी उघडून पुढे धरली. सर बघायला वाकले आणि त्यांच्या श्वासानेच मुंगी उडाली. आम्ही दोघं टेबलाखाली ती शोधू लागलो.

"इतकी हलकी?" ते खालूनच म्हणाले.

"आत काही उरत नाही, सर. तो पिऊन टाकतो." हे इंग्रजी माझं मोडकंतोडकं होतं, पण पुस्तकातलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी विषाबद्दल, धाग्यांबद्दल विचारलं, आणि मी जे पाहिलं होतं ते सांगत गेले.

घरी पोहोचले तेव्हा आई केरसुणी घेऊन खिडकीपाशीच उभी होती. "सायन्स राहिलं का?"

"राहिलं."

तिने बांबू वर नेला. कोळी जाळ्यातच गरगर हलू लागला. आई त्याच्याकडे बघत राहिली.

"घट उद्या बसतात," ती म्हणाली, आणि केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली. "सकाळी काढीन."