दसऱ्याला पुजलेले ग्लोव्हज

पिंपळगावच्या पॅकहाउसात द्राक्षं घ्यायला गेलो, तर पेटी माझ्या हातून सुटली. मुंबईत एका कंपनीच्या फुटबॉल संघात आठ वर्षं गोल राखून पगार घेतलेला माणूस मी. द्राक्षं फरशीभर झाली. निवडणाऱ्या बायका हसल्या. त्यांतली एक, डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला फडकं, म्हणाली, “सर, अंगठे जवळ ठेवायचे. तुम्हीच सांगायचा ना?”

डोळ्यांवरून ओळखलं.

गुडघा गेल्यावर मी नाशकात मुलींना शिकवायला लागलो, त्यांतली ही सगळ्यांत चांगली गोलकीपर. पेठ तालुक्यातली. राज्याच्या संघात निवड झाली तर हॉस्टेल मिळून कॉलेज होणार होतं. नाही तर घरचे पुढे शिकवणार नव्हते.

निवडीच्या सकाळी मी तिला माझे ग्लोव्हज दिले. माझ्या शेवटच्या सामन्यातले. लोक दसऱ्याला हत्यारं पुजतात, मी ग्लोव्हज पुजायचो.

“सर, माझेच बरे हायेत.”

“याला हळदकुंकू लागलंय. घाल.”

दोन बॉल तिच्या हातांतून निसटले. दुसरा तर आमच्या सासूबाईंनीही धरला असता. यादीत नाव आलं नाही. परतताना एसटीत मी तिला तिचे पाय कुठे चुकले ते थेट नाशिक येईपर्यंत समजावलं. ती मान हलवत राहिली. जूनमध्ये सरावाला आली नाही.

त्या दसऱ्याला ग्लोव्हज पाटावर ठेवताना रबराचा भुगा माझ्या बोटांना लागला. तेव्हा कळलं. पेठ काही लांब नाही, पण मी गेलो नाही.

आता ती समोर होती, तर मी काय विचारावं? “बरं चाललंय ना?”

“चाललंय, सर.” तिनं दुसरी पेटी माझ्या हातांत दिली, पण स्वतःचे हात काढले नाहीत. “धरली? मग सोडते.”

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, चूक ग्लोव्हजची होती, म्हणजे माझी, आणि आजही त्या पोरीला सांगता आलं नाही.

बायको मेथी निवडत होती. हात थांबले नाहीत.

“तिला माहीत होतं. निवडीच्याच संध्याकाळी ग्लोव्हज माझ्याकडे दिले तिनं. म्हणाली, काकू, रबर गेलंय याचं. सरांना सांगू नका, ते पुजतात.”