ग्रहणातली कातर

माझा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला होता. लहानपणीच एका गोऱ्या डॉक्टरांनी तो शिवला, पण वण राहिला तो राहिलाच. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात आमच्या गल्लीत त्याचं कारण कुणालाच विचारावं लागत नसे. मी पोटात असताना आईनं ग्रहणात कातर चालवली होती. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या घरी माग होता. लुगडं विणून झालेलं, व्यापारी दारात बसलेला. आईनं ते मागावरून कापून उतरवलं, एवढंच. पण पाणी भरताना, हळदीकुंकवाला, आत्या घरी आली की, आईला हे ऐकावं लागे. ती मान खाली घालून ऐकून घेई. मला राग यायचा तो ओठाचा नव्हे, तिच्या गप्प बसण्याचा.

पोरीला शिकवून काय दिवे लावणार, असं लोक आप्पांना म्हणत. आप्पा मागावरून मानही वर करत नसत. त्यांनी मला पुण्याला कॉलेजात घातलं. तिथं आम्ही कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून आत वाढणारं पिल्लू पाहायचो. तोंड काही एकदम उमटत नाही. दोन्ही बाजूंचे उंचवटे वाढत मध्ये येतात, एकमेकांना भेटतात आणि जुळतात. माणसाचंही तसंच, सर सहज बोलून गेले, ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला तेव्हा तो भरून आला होता. सरांना वाटलं, औषधाचा वास झोंबला.

सुट्टी लागताच मी गाडीनं बेळगाव गाठलं. आप्पांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आई चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती.

"आई, गिऱ्हाण लागलं तवा तुला कितवा महिना होता गं?"

"सातवा. डोहाळजेवण झालंतं की."

"मग माझा ओठ त्याच्या लई आधीच फाटलाता. कातरीचा काय संबंध न्हाय."

मी तिला अंड्यापासून सगळं सांगितलं. तिचा चरखा थांबला.

"मग कशानं झालं?"

ते मला माहीत नव्हतं. पुढं माझी सगळी हयात त्याच प्रश्नामागं गेली. उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या, लोकांनी मानही दिला, पण पुरतं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

"तुझ्यामुळं न्हाय, एवढं खरं," मी म्हणाले.

मला वाटलं, ती हसेल, निदान आत्याला चार शब्द सुनावायला तरी उठेल. ती रडायला लागली.

"मी नगं म्हणत होते गं. तुझे आप्पाच म्हणाले, काप, काय होत न्हाय, व्यापारी खोळंबलाय. तू झालीस आनि त्यांचं बोलणंच तुटलं. मी कुणाला सांगितलं न्हाय. मला बोलत्यात तर बोलू देत म्हटलं, ते आधीच खचलेत."

आप्पांचा मला इतका लळा होता, आणि त्यांच्या गप्प राहण्याला मी स्वभाव समजत आले होते.

"जाताना बी म्हणाले, माझ्या हातनं पोरीचं वाटोळं झालं, तिची शाळा तेवढी सोडवू नगंस." आईनं पदरानं डोळे पुसले. "आता त्यास्नी कोन सांगनार?"