भावोजींच्या व्याख्यानाचा उत्तरार्ध

सबंध कोकणपट्टीत थुंकीचा एवढा मोठा शत्रू दुसरा झाला नसेल. बोटाला थुंकी लावून पुस्तकाचं पान उलटणारे शाळामास्तर, तिकिटाला जीभ लावणारे पोस्टमास्तर, सुईत ओवताना दोऱ्याचं टोक ओठांत धरणारी माझी सख्खी बहीण, या सगळ्यांशी आमच्या भावोजींचं उघड वैर होतं. अशा माणसावर एका म्हाताऱ्याच्या तोंडात विष घातल्याचा आळ आला, आणि तो मी येऊ दिला. आळ खोटा आहे हे गावात दोघांनाच ठाऊक होतं, एक त्यांना आणि एक मला. ते बोलले नाहीत. मला तर बोलायचंच नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्या गमती सांगायला लागलो की कोणी मला भला माणूस समजायला नको.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुंबईच्या एका कारखान्यात बोटींच्या आणि विमानांच्या घड्याळांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवत, त्या खात्याचे ते मुकादम होते. हा रंग रेडियमचा. दरवर्षी चतुर्थीला ते मालवणात, आमच्या शेजारच्याच आपल्या घरी येत आणि येताना कारखान्याचे सगळे नियम ट्रंकेत घालून आणत. बाहेर घातलेला कोट ओटीवरच्या खुंटीला राही, त्याला घरात प्रवेश नव्हता. जेवणाआधी ते कोपरापर्यंत हात धूत, नखं ब्रशाने घाशीत, आणि तोवर पानातला भात गार होऊन जाई. केरसुणीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. झाडलं की धूळ उडते आणि उडालेली धूळ माणसाच्या छातीत जाते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून काढायचं, असं त्यांचं मत. एकदा त्यांनी शेणाने सारवलेलं माजघर ओल्या फडक्याने पुसून काढलं. पुढे अर्धा दिवस ताई ती जमीन पुन्हा सारवत होती.

"गो, कारखान्यात असाच करतत," भावोजी म्हणाले.

"मगे कारखान्यातच संसार मांडूचो होतो," ताई म्हणाली.

एरवी ते आमच्यासारखंच मालवणीत बोलत, पण रेडियमचा विषय निघाला की मामलेदारापुढे उभे असल्यासारखे शुद्ध मराठीत शिरत. "रेडियममधून जे कण बाहेर पडतात त्यांना अल्फा म्हणतात," ते सांगत. "अल्फा हा लठ्ठ पाहुणा आहे. साधा कागद आडवा धरा, तेवढ्याने तो अडतो. हवेतून दोन-चार बोटं चालला की दमून बसतो. आपल्या वरच्या कातडीतूनसुद्धा त्याला आत शिरता येत नाही." एवढं बोलून ते वर्तमानपत्राचं पान दिव्यापुढे धरून दाखवत. इथवर ऐकून लोकांचं समाधान होई. हा राक्षस कागदाला भितो म्हणजे आपल्याला काय करणार, अशा विचाराने मंडळी चहाकडे वळत. व्याख्यानाचा उत्तरार्ध 'पण' या शब्दाने सुरू होत असे, आणि त्या 'पण'पर्यंत आमच्या घरचं कोणी कधी बसून राहिलेलं मला आठवत नाही. मी तर चहा आला का बघायला सगळ्यांत आधी उठत असे.

एकदा मात्र त्यांनी मला पकडलं. भर दुपारी एक जाड घोंगडी घेतली, तिच्यात मला घातलं, स्वतः शिरले, आणि आपलं मनगटी घड्याळ आणि एक भिंग माझ्या हातात दिलं. "डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. हलू नको," म्हणाले. भाद्रपदातला उकाडा, त्यात दोन बाप्ये एका घोंगडीत. मला घाम फुटला होता. मग भिंगातून बघितलं, आणि घाम विसरलो. आकड्याचा हिरवा प्रकाश सलग नव्हताच. असंख्य ठिणग्या उडत होत्या आणि विझत होत्या, उकळत्या पाण्यासारखी नुसती गडबड चालली होती. "प्रत्येक ठिणगी म्हणजे एक अल्फा आपटला," भावोजी माझ्या कानात कुजबुजले. त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा होता. तेवढ्यात ताईने घोंगडी उचलली आणि आम्हा दोघांकडे बराच वेळ बघत राहिली. "जेवक वाढलाहा," एवढंच म्हणाली.

त्या ठिणग्या माझ्या डोक्यातून गेल्या नाहीत. शेजारच्या वाडीत एकाने गणपतीमागे बॅटरीचे दिवे लावून नाव मिळवलं होतं. माझ्या गणपतीचे डोळेच अंधारात चमकले तर? कापडाच्या दुकानासाठी माल आणायला मुंबईला गेलो तेव्हा जुन्या बाजारातल्या एका घड्याळवाल्याकडून रेडियमच्या रंगाची लहानशी कुपी मी घेऊन आलो. भावोजींना विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तरार्ध ऐकावा लागला असता.

आमच्याकडे गणपती करतात त्या जागेला गणपतीची शाळा म्हणतात. आमच्या वाडीची शाळा तातू मेस्त्रींची. रंगकाम सगळं झालं की शेवटी ते डोळ्यांची आखणी करत, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, सकाळी, न बोलता. मी कुपी पुढे केली.

"ह्यो खंयचो रंग?" त्यांनी विचारलं.

"भावोजींच्या कारखान्यातलो. तेंनीच धाडल्यानी," मी म्हटलं. भावोजींचं नाव घेतलं की रंगाला वजन येईल असं वाटलं.

"बाधाचो नाय मां?"

"कागदातूनसुद्धा जाणा नाय."

तातू मेस्त्रींनी कुंचला बुडवला, ओठांत धरून फिरवला, टोक काढलं आणि बुबुळाची रेघ ओढली. पुन्हा बुडवला, पुन्हा ओठांत. गणपतीचे डोळे आखणारा प्रत्येक माणूस टोक असंच काढतो, त्यात मला काही वावगं दिसलं नाही. शाळेत अंधार असे, म्हणून मी शेजारी कंदील धरून कौतुकाने बघत होतो. तेवढ्यात भावोजी दारात आले. आदल्या दिवशीच्या बोटीने ते मुंबईहून उतरले होते आणि मूर्ती बघायला आले होते. त्यांनी कुपी बघितली, कुंचला बघितला, मेस्त्रींचे ओठ बघितले. ओरडले नाहीत. पुढे होऊन त्यांनी मेस्त्रींच्या तोंडातून कुंचला हळूच काढून घेतला, जसा तान्ह्या मुलाच्या तोंडातून खडा काढावा.

त्या दिवशी मी उत्तरार्ध पहिल्यांदा ऐकला. मेस्त्रींकडून करवंटीत चुळा भरवून घेताना भावोजी तो सांगत होते. "बाहेर असेपर्यंत कातडी त्याला अडवते. पोटात गेला की आत कातडी नाही. शरीर रेडियमला चुना समजतं आणि हाडांत नेऊन बसवतं. मग तो जन्मभर तिथून मारत राहतो. चमक काही वर्षांनी जाते, रेडियम जात नाही." मग त्यांनी दवाखान्यातून जुलाबाचं मीठ आणवून मेस्त्रींना पाजलं. मूर्तीच्या डोळ्यांवरचा रंग ओल्या मातीने उचलून घेतला, ती माती, कुंचला आणि कुपी एका डब्यात घालून डब्याचं तोंड झाळ मारून बंद करून घेतलं, आणि ओणवे होऊन फडक्याने जमीन पुसायला लागले.

तिकडे मेस्त्री परसात जाऊन येत होते आणि शाळेत अख्ख्या वाडीचे गणपती डोळ्यांवाचून बसले होते. बघता बघता लोक जमले.

"खंयचा विष ह्या? कोणी हाडल्यान?" विष आणलं कोणी, हेच प्रत्येकाला हवं होतं.

"मुंबैकारांनी धाडलेलो रंग," दाराशी टेकून मेस्त्री म्हणाले. "हेच्याकडसून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भावोजींचा हात फडक्यावर थांबला. तेही माझ्याकडे बघत होते. मी कंदिलाची वात कमी केली. मग भावोजींनी फडकं पिळलं आणि पुन्हा पुसायला लागले.

मेस्त्रींनी संध्याकाळी परसातल्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात घाईघाईने सगळे डोळे आखले. त्या वर्षी वाडीतले सगळे गणपती थोडे दचकल्यासारखे दिसत होते. भजनवाल्यांनी रिवाजाप्रमाणे घरोघर भजन केलं, एक घर सोडून. भावोजी आणि ताई ओटीवर दिवा लावून बसले होते. झांजांचा आवाज त्यांच्या कुंपणापर्यंत आला आणि पुढे गेला. मी त्या मेळ्यात होतो. झांज माझ्याच हातात होती.

पुढे भावोजी चतुर्थीला येईनासे झाले. वैशाखात येत, आणि उतरल्याबरोबर आधी तातू मेस्त्रींकडे जात. "इलास माजे दात मोजूक?" म्हणत मेस्त्री आ करत. भावोजी हिरड्या बघत, जबड्यावर बोटं दाबत आणि दुखतं का विचारत. दुखत नसे. तरी "बरं आहे" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "हाडांचं लौकर कळत नाही," एवढंच म्हणत. लोकांना वाटे, केलेलं मन खातंय. मला मात्र दरवर्षी वाटे की या वर्षी सांगून टाकू, आणि मी आंबे पाठवून देत असे.

यंदा नोकरीतून मोकळे होऊन ते कायमचे गावी आले. चतुर्थीला आमच्या घरचं भजन आटोपलं आणि बुवांनी पुढच्या घराचं नाव घेतलं. मधलं घर पुन्हा गाळलेलं होतं. मी झांज खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, तातू मेस्त्रींच्या तोंडाकडे बघून सांगितलं. मेस्त्रींनी हळूहळू आपलं धोतर सावरलं आणि म्हणाले, "माका सांगलंस ता बरा झाला. आता तेंका सांग."

सगळा मेळा माझ्यामागून चालत आला. वाटेत मी चांगली भारदस्त वाक्यं जुळवली होती, पुस्तकी मराठीत. भावोजी ओटीवर उभे होते, केस पार पिकलेले, हात नुकते धुतलेले. त्यांच्यासमोर गेल्यावर ती वाक्यं मला अर्जासारखी वाटली. मी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"भावोजी, तो रंग मी हाडलेलो. नाव तुमचा घेतलंय, आणि सगळी विचारी होती तेव्हा गप ऱ्हवलंय. माजा चुकला. माका क्षमा करा."