शहरबानू ट्युनिसला गेली

शहरबानू मूळची श्रीवर्धनची. कुवेत सिटीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात ती तिकिटं काढून द्यायची. जगभरचे विमानतळ तिला तोंडपाठ, पण स्वतः मात्र मुंबई आणि कुवेत सोडून कुठे गेली नव्हती.

एकदा कुवेतमधल्याच मंगफ भागातून पद्मजाताई ऑफिसात आल्या. त्यांचा नवरा तेल कंपनीत इंजिनियर.

"सुट्टीत ट्युनिशियाला जायचंय. कसा आहे हो देश?"

शहरबानूने नेहमीचं सुरू केलं. निळा समुद्र, कार्थेजचे अवशेष, दक्षिणेला सहारा.

"ते फोनवर वाचलं हो. माणसं कशी आहेत? आणि आम्ही शाकाहारी, खायचं काय?"

शहरबानूच्या मनात आलं, इतकी तिकिटं विकली आणि साधं एवढंही ठाऊक नाही! "चौकशी करून कळवते," ती म्हणाली.

बुशरा तिचं जुनं गिऱ्हाईक. ट्युनिसची, इथे शाळेत फ्रेंच शिकवायची. शहरबानूने फोन केला तशी ती म्हणाली, "सांगत काय बसू? शुक्रवारी घरीच ये."

बुशराच्या गॅसवर खालच्या पातेल्यात भाज्यांचा रस्सा रटरटत होता. वर भोकाभोकांचं भांडं, त्यात रव्यासारखा कुसकुस वाफेवर फुलत होता. शहरबानू वाकून बघतच राहिली. आपली सांदणंही अशीच वाफेवर होतात! मग तिचे प्रश्न संपेनात.

"तुझ्या बाईंना सांग," बुशरा म्हणाली, "भाज्यांचा कुसकुस मागितला तरी आधी विचारा. रस्सा बऱ्याचदा मटणाचाच असतो."

पद्मजाताई जाऊन खुशीत परतल्या. शहरबानूच्या डोक्यातून मात्र तो देश जाईना. शेवटी तिचा नवरा हमजा म्हणाला, "अगो, सगल्यांना धाडतंस, आता आपण जाव."

दोघं गेली. ट्युनिसच्या जुन्या बाजारात वाट चुकली. शहरबानूने एका दुकानदाराला आपल्या कुवेती अरबीत रस्ता विचारला. त्याने फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. दोघांनाही एकमेकांचं काही कळेना. तो हसला, दुकान शेजाऱ्यावर सोपवून वाट दाखवायला स्वतःच पुढे चालू लागला. त्याच्या कानामागे मोगऱ्यासारख्या कळ्यांचा छोटा गुच्छ होता.

"बाप्याने फुलं माळलीत?" हमजा कुजबुजला.

शहरबानूला राहवेना. तिने खुणेनेच विचारलं, का? दुकानदाराने गुच्छ काढून तिच्या नाकाशी धरला, मग हमजाच्या कानामागे खोचला आणि समोरच्या, बाजाराबाहेर पडायच्या मोठ्या दरवाजाकडे बोट दाखवून परत फिरला.

जन्मात कधी फूल न माळलेला हमजा तसाच हॉटेलपर्यंत चालत आला.