साडूभाऊंनी नापास केलेल्या चाळीस बाटल्या

माझे साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतकी खरी जीभ अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरी नाही. हे त्यांच्यावर वर्षभर रागावलेला माणूस लिहितो आहे, त्यामुळे या स्तुतीत भेसळ नाही हे वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. याच जिभेनं माझ्या चाळीस बाटल्या नापास केल्या. त्याही माझ्या मुलीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी सकाळी.

साडूभाऊ अमडापूरचे. त्यांची सगळी नोकरी दूध तपासण्यात गेली. दुधात काचेची नळी सोडायची आणि ती किती बुडते त्यावरून पाणी पकडायचं, एवढंच काम. पण नळी स्थिर व्हायच्या आत त्यांच्या जिभेनं निकाल दिलेला असे. एकदा गावातल्या एका वजनदार माणसाची कॅन त्यांनी परत पाठवली. तो तणतणत आला, "काय पाणी पाणी लावलं हो? दूध हाय ते!" साडूभाऊ म्हणाले, "दूध हाय ना. फक्त पाण्याच्या संगतीले लागलं." निवृत्त झाल्यावरही ती नळी पेनासारखी त्यांच्या खिशाला असते. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा एक घोट घेऊन ते आचाऱ्याला विचारतात, "दही परवाचं ना?" आणि आचारी मान खाली घालतो. आमच्या घरी ते आले की पहिला घोट त्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत बायको चहाची बशी घेऊन उभी असते. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. फार खूश झाले तर म्हणतात, "पास."

मध्यंतरी ते मुलाकडे कॅनडात सहा महिने राहून आले. तिथे घराजवळ एक दुकान होतं. त्या दुकानात बिअर तयार मिळत नाही, गिऱ्हाईकानं स्वतः येऊन करायची. दुकानदार भांडी, धान्याचा अर्क आणि खमीर देतो. ढवळायचं आपण, थांबायचं आपण, बाटल्या भरायच्याही आपण. साडूभाऊंनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता, पण वस्तू तपासायची म्हटल्यावर त्यांना धीर कुठला. चहाच्या चमच्यानं, औषध घेतल्यासारखी, त्यांनी दहा-बारा जणांची बिअर जिभेवर ठेवली. शिवाय दुकानदाराकडेही तशीच काचेची नळी निघाली! इथे ती पाणी पकडते, तिथे ती साखर किती उरली ते सांगते. एकमेकांची भाषा येत नसताना दोघांनी आपापल्या नळ्या काढून दाखवल्या आणि दुकानदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली. परत आल्यावर महिनाभर त्यांना दुसरा विषय नव्हता. "कंपनीची बिअर कवाही घ्या, एकसारखी. पन त्या दुकानात ना, जसा मानूस तशी बिअर. घाईवाल्याची पानचट, चिक्कू मानसाची आंबट. एक म्हातारा डायवर रोज येऊन भांड्यापाशी बसे. त्याची पास!" मी विचारलं, वाईट झाली तर लोक दुकानदाराशी भांडत नाहीत? "भांडतीन कसे? विकतच्याले नाव ठेवता येते. सोताच्या हातचीले कोनाले बोलान?"

आणि त्यांनी अमडापुरात तसंच दुकान काढलं. बिअर आल्याची. आलं, साखर, लिंबू, खमीर आणि आठ दिवसांची सबुरी. चढत नाही, फक्त ढेकर येते. पण पाटीवर 'बिअर' हा शब्द हवाच, असा त्यांचा हट्ट. पहिल्याच दिवशी बीबी गावाहून तिघे खरी बिअर समजून मोटारसायकलवर आले. साडूभाऊंनी त्यांच्यापुढे आल्याची टोपली ठेवली आणि सोलायला लावलं. ते सोलता सोलताच पळाले. मग एक हवालदार चौकशीला आले. दोन ग्लास पिऊन अर्धा तास बाजेवर वाट पाहत बसले आणि शेवटी चिडून उठले, "काऊन हो काका, काहीच होऊन नाही राह्यलं!" साडूभाऊ म्हणाले, "होऊन राह्यलं ना. सकाळपासून तुमचं पोट धरलं होतं, ते सुटलं." हवालदार खरोखरच पोटावरून हात फिरवत गेले.

तयार झालेली प्रत्येक बाटली साडूभाऊ चाखणार आणि नापास झालेली अंगणातल्या लिंबाच्या झाडाला घालणार, हा दुकानाचा नियम. हळूहळू लोक 'पास' ऐकायलाच येऊ लागले. पिठाच्या गिरणीवाल्या बाईंची बाटली पहिल्या फटक्यात पास झाली. तेव्हा मी ठरवलं की मुलीच्या साक्षगंधाला पाहुण्यांना माझ्या हातची बिअर द्यायची, आणि तीही साडूभाऊंनी पास केलेली.

मी बैलबाजारातून वर आलेला माणूस. आज नांदुऱ्यात माझी धान्याची अडत आहे, पण सांगितलेल्या आकड्याला मी आजवर कधी हो म्हटलेलं नाही. साडूभाऊ म्हणाले आठ दिवस. मी सवयीनं खांद्यावरचा रुमाल त्यांच्या हातावर टाकला आणि बैलाचा भाव ठरवताना करतो तशी रुमालाखाली त्यांची चार बोटं दाबली, म्हणजे चार दिवस. त्यांनी हात काढून घेतला. "सेठ, मी आयकीन हो. पन खमीराले बोटं कुठं हायेत?" मी पाचवर आलो, सहावर आलो. ते आठवरच. बाटल्या भरल्यापासून सहाव्या दिवशी साक्षगंध होतं. मग ते चिखलीला गेलेले पाहून मी साखर वाढवली, बाटल्या उन्हात नेऊन ठेवल्या आणि काम उरकलं.

त्या सकाळी मी गाडी घेऊन बाटल्या न्यायला गेलो. त्यांनी एक चाखली, दुसरी चाखली आणि एकेक करून चाळीसही झाडाला ओतल्या. मी ओरडलो, "तुमच्याच भाचीचं साक्षगंध आहे! जरा तरी लाज?"

"म्हनूनच त," ते म्हणाले. "सासरच्यांनी एक घोट घेतला असता ना, त्याईले पोरीचा बाप समजला असता."

पाहुण्यांना मी मठ्ठा पाजला. साडूभाऊंनी तो पास केला, पण मी त्यांच्याशी बोललो नाही. पुढे वर्षभर बोललो नाही.

मग कळलं की त्यांना मोठा ताप येऊन गेला आणि दुकान बंद आहे. मी अमडापूरला गेलो. घर उघडं होतं. त्यांना म्हटलं, मला पुन्हा करायची आहे. त्यांनी मान डोलावली. यावेळी आलं मी स्वतः सोललं, साखर मापानं घातली आणि अडत मुलावर सोपवून दररोज येऊन बाटल्यांपाशी बसलो. आठव्या दिवशी एक बाटली उघडून त्यांच्यापुढे ग्लास धरला.

त्यांनी घोट घेतला. जिभेवर फिरवला. आणखी एक घेतला. मग ग्लास माझ्याकडे सरकवला.

"तापात चव गेली, सेठ. वासही गेला. मले काही समजून नाही राह्यलं. तुमीच सांगा."

आयुष्यभर मी माझ्या मालाला कमी म्हटलेलं नाही. बैल लंगडत असला तरी तो डौलानं चालतो असं सांगून विकला आहे. मी घोट घेतला. बिअर चांगली होती, पण गोडी जराशी उरली होती. पास म्हटलं असतं तर समोरच्याला कळायला मार्ग नव्हता.

"थोडी कमी पडली," मी म्हणालो.

"कितीनं?"

"एक दिवस."

त्यांनी ग्लास कानाशी नेला आणि बुडबुड्यांचा आवाज ऐकत राहिले. "मंग बाकीच्या उघडू नका," ते म्हणाले. "थांबू एक दिवस."

मी नांदुऱ्याला फोन करून सांगितलं की आज येत नाही, आणि त्या रात्री अमडापुरातच मुक्काम केला.